जुन्या बाजारातले सामान आणि आपली गाडी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले आणि हाती चार पैसे शिल्लक राहिले, की आपल्या भागात घराच्या डागडुजीचा विषय निघतो आणि पाठोपाठ गाडीचा. टायर गुळगुळीत झालेले असतात, बॅटरी सकाळी दम देत नाही, पोराला गाडीला नवे दिवे हवे असतात. मग कुणीतरी म्हणते, "नव्याला चार हजार कशाला घालता अण्णा? जुन्या बाजारात हजार-बाराशेत काम होतंय." आणि मंडळी पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याची भंगार गल्ली किंवा तालुक्याच्या नाक्यावरचे एखादे दुकान गाठतात.

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यावर लिहावे, मोटारीच्या सामानात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. पण गटागटांतून फिरताना दिसते ते डोळ्याआड करता येत नाही. एके काळी गावात एखादी जीप असायची. आज वस्तीवर मोटार आहे, ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे. उसाचा पैसा जसा पिकात जातो तसा गाडीतही जातो. तो कसा जातो आणि त्यातून जिवाला धोका कसा होतो, हे सांगणे शेती खात्याच्या कामाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

बेण्याचा नियम इथेही लागू

आपण शेजारच्या फडातून बेणे आणतो तेव्हा काय बघतो? कांडी जाड आहे, डोळा फुगीर आहे, रंग चांगला आहे. पण त्या कांडीत काणी किंवा गवताळ वाढीचा रोग आहे की नाही, हे लागणीच्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. ते कळते पीक उभे राहिल्यावर, आणि तेव्हा वर्ष गेलेले असते. म्हणून आम्ही ओरडून सांगतो की बेणे बेणेमळ्यातूनच घ्या, त्याचे वय नऊ ते अकरा महिन्यांचे असू द्या, ते कोणत्या प्लॉटचे आहे ते विचारा. कांडी विकत घेताना आपण त्या प्लॉटचा सगळा इतिहास विकत घेत असतो.

जुन्या सामानाचेही तसेच आहे. टायर, बॅटरी, सीट बेल्ट, जॅक या वस्तू बाहेरून पुसून चकचकीत करता येतात. त्यांनी आधी काय सोसले हे आत लपलेले असते. जुनी वस्तू घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. आपण गरिबीतून वर आलेली माणसे आहोत. काटकसर हा आपला गुण आहे. माझे म्हणणे एवढेच की, जिची सगळी खोड डोळ्यांना दिसते ती वस्तू जुनी घ्या. जिची खोड आत लपते आणि जिच्यावर जीव टांगलेला असतो ती जुनी घेऊ नका.

टायर : सवय टायरगाडीची, वेग मोटारीचा

जुना टायर घेण्याची सवय आपल्याला कुठून लागली, याचा विचार केला तर उत्तर टायरगाडीत सापडते. लाकडी चाकांच्या गाड्या गेल्या, बैलगाडीला रबरी टायर आले आणि ते बहुधा मोटारीचे उतरलेलेच असत. त्यात काही बिघडले नाही. बैल चालतो माणसाच्या चालीने. टायर फुटला तर गाडी एका अंगाला बसेल, फार तर दोन मोळ्या सांडतील.

मोटारीचे तसे नाही. वेग दुप्पट झाला की गाडीतली शक्ती चौपट होते. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहीलच असे नाही. समृद्धी महामार्गावर तर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. उन्हाळ्यात, तापलेल्या काँक्रीटवर, त्या वेगाने तासभर धावणे ही जुन्या रबराची खरी परीक्षा असते. बैलगाडीला चालला म्हणून मोटारीला चालेल, हा हिशेबच चुकीचा आहे.

टायर बघताना आपण फक्त नक्षी बघतो. पण गुळगुळीत टायरवर हत्याराने खाचा कोरून तो "अर्धा शिल्लक आहे" म्हणून विकणारे लोक आहेत. कोरलेल्या खाचेखाली रबर इतके पातळ राहते की आतले धागे जवळजवळ उघडे पडतात. मोटारीच्या टायरच्या खाचांत मूळचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला असे समजायचे. ते उंचवटेच नाहीसे झाले असतील तर खाच कोरलेली आहे असा संशय घ्यावा.

नक्षीपेक्षा महत्त्वाचे आहे ते वय. टायरच्या कडेला चार आकडे एका लांबट चौकटीत छापलेले असतात. समजा २३१९ आहे, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कित्येक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलायला सांगतात, कारण रबर नुसते उभे राहूनही वाळते. वरून काळे पॉलिश मारले की कडेच्या बारीक भेगा दिसेनाशा होतात. म्हणून ओल्या फडक्याने पुसून, वाकवून बघावे. आणि आतून बघितल्याशिवाय तर घेऊच नये. हवा नसताना चालवलेल्या टायरची आतली कड खरवडल्यासारखी होते, ती बाहेरून कधी दिसत नाही.

आणखी एक आकडा असतो तो भार पेलण्याचा. १६५/८० आर १४ या मापापुढे ८५ लिहिले असेल तर तो एक टायर ५१५ किलो पेलतो. ७५ लिहिलेला टायर ३८७ किलोच पेलतो. चार चाकांचा हिशेब केला तर फरक पाचशे किलोंच्या वर जातो. गाडीत घरची माणसे, टपावर खताची पोती आणि खाली कमी भाराचा टायर, मग तो फुटला की आपण नशिबाला बोल लावतो.

बॅटरी : दुकानात जोर, घरी घोर

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. एक कप्पा मेला तरी बाकीचे पाच काही दिवस काम ओढतात. विकणारा ती रात्रभर चार्जिंगला लावतो, सकाळी तुमच्यासमोर एक सेल मारून दाखवतो, इंजिन फटकन उठते. आपण खूश. आठ दिवसांनी, नेमके दवाखान्याला जायच्या वेळी, गाडी ढकलावी लागते.

चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर वरवरचा जोर असतो. तो घालवायला दिवे दोन-तीन मिनिटे चालू ठेवावेत, मग बंद करून थोड्या वेळाने मीटर लावावा. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. त्यानंतर सेल मारताना मीटर बघावा; काटा ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती बॅटरी थकलेली आहे. झाकणे उघडणारी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा वेगळा तपासावा. भरलेल्या कप्प्याचे ॲसिड १.२६ ते १.२८ दाखवते. एकच कप्पा फार मागे असेल तर बाकीचे कितीही चांगले असोत, ती घेऊ नये.

आणि हिशेब नीट करा. नवी बॅटरी घेताना दुकानदार आपली जुनी जमा करून घेतो आणि तिच्या शिशाचे पैसे वजा करतो. वर शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मिळते. जुनी बॅटरी घेताना वॉरंटी नाही, पावती नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा खर्च. समजा नवी चार हजारांची, तिच्यातून जुन्या बॅटरीचे आठशे गेले आणि ती चार वर्षे चालली, तर वर्षाला आठशे पडले. जुनी दीड हजाराची घेतली आणि वर्षात बसली, तर त्या वर्षाला दीड हजार पडले. स्वस्त कोणती?

दिवे, चाके आणि हौसेचे सामान

पोरांना मोठ्या उजेडाची हौस असते. गाडीचा मूळ हॅलोजन दिवा साधारण ६० वॅटचा. दोन दिव्यांना बारा व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या बाजारातून १०० वॅटचे बल्ब आणून तिथेच बसवले की प्रवाह जवळजवळ १७ अँपिअर होतो आणि वायर तापण्याचे प्रमाण पावणेतीन पटीवर जाते. स्वतंत्र रिले नाही, योग्य फ्यूज नाही, जुनी वायर मध्येच कापून टेपने जोडलेली. अशी गाडी पेटली तर दोष कुणाचा?

यात आपल्या भागाची आणखी एक बाब आहे. हंगामात रात्रभर रस्त्यावर टायरगाड्या आणि ट्रॉल्या असतात. समोरून असा डोळे दिपवणारा झोत आला, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढची उसाची गाडी दिसतच नाही. आपल्या हौसेच्या दिव्याने दुसऱ्याच्या घरातला दिवा विझू नये, एवढे भान हवे.

जुनी अलॉय चाकेही अशीच फसवतात. चार बोल्ट दिसले म्हणजे बसणार असे नाही. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास कुठे १०० मिलिमीटर, तर कुठे ११४.३ मिलिमीटर असतो. "थोडं ठोकून बसतंय" असे कोणी म्हणाला तर तिथून निघावे. शिवाय खड्ड्यात आपटलेल्या अलॉयला केसासारखी चीर जाते, रंग दिला की ती झाकते.

पुढे लावायच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल ठरतो. नवा असो वा जुना, तो घेण्यात पैसे घालू नयेत. सीएनजीची जुनी टाकी घेण्याचा मोह तर अजिबात नको. या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी व्हावी लागते, आणि किटची नोंद गाडीच्या आरसी पुस्तकावर व विम्यावर असावी लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते.

सीटची कव्हरे, पायपुसणी, कॅरिअर, ताडपत्री ही मात्र जुनी घ्यायला हरकत नाही. फाटले आहे की नाही ते दिसते. एकच काळजी घ्यावी, सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर दुसऱ्या गाडीचे कव्हर ओढून बसवू नये, एअरबॅग उघडायला जागा राहत नाही.

एअरबॅग आणि पट्टा : एकदाच वापरायच्या वस्तू

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हा आता अपघातग्रस्त गाड्यांतून काढलेल्या एअरबॅगाही भंगारात येणारच. याबाबत अमेरिकेतले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. टकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत असे आणि फुगताना धातूचे तुकडे उडत. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. २०१७ साली तिथल्या नेव्हाडा राज्यात एका तरुणीच्या गाडीला साधा अपघात झाला. पण एअरबॅगमधून उडालेल्या तुकड्यांनी तिच्या गळ्याला जीवघेणी इजा झाली. तपासात निघाले की तिच्या गाडीत बसवलेली एअरबॅग दुसऱ्या, भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेली होती. गाडी घेताना घरच्यांना याची गंधवार्ताही नव्हती. जिथे सगळ्या नोंदी काटेकोर ठेवल्या जातात तिथे हे घडले. आपल्याकडे नाक्यावरच्या दुकानात कोणती नोंद असणार?

सीट बेल्टही तसाच. मोठ्या अपघातात ताण सोसलेला पट्टा आतून ताणला जातो, आणि ज्या पट्ट्याला स्फोटाने आवळणारी यंत्रणा असते ती एकदाच चालते. बाहेरून पट्टा धुतलेला, स्वच्छ दिसतो. नवऱ्याच्या किंवा लेकराच्या अंगावर कुणाच्या अपघातातला पट्टा बांधतोय, हे घरातल्या बाईला विचारून बघा. ती काय सांगेल ते मी सांगायला नको.

स्वस्त का मिळते?

आता सर्वांत नाजूक गोष्ट. काही माल इतका स्वस्त का मिळतो? कारण विकणाऱ्याने तो विकत घेतलेलाच नसतो.

२०२०-२१ च्या सुमारास पुणे-मुंबई भागात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे पेव फुटले होते. सायलेन्सरला जोडलेल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, त्यासाठी ही चोरी. तेव्हा स्वस्तात मिळणारा जुना सायलेन्सर एक तर चोरीचा असतो, किंवा आतला ऐवज काढून घेतलेले पोकळ नळकांडे असते.

दूर कशाला जायचे? हंगामात केनयार्डवर रात्री रांगेत ट्रॅक्टर उभे असतात, चालक थकून झोपलेला असतो आणि पहाटे बॅटरी गायब. ट्रॉलीचा स्टेपनी टायर गायब. बीडकडून, मराठवाड्यातून आलेला तो चालक मालकापुढे काय तोंड दाखवणार? हा माल शेवटी जातो कुठे? आपल्यासारखेच गिऱ्हाईक शोधत तालुक्याच्या दुकानात जातो. आपण पावती न मागता घेतलेली प्रत्येक बॅटरी त्या चोराची पुढची खेप पक्की करते. हे कटू वाटेल, पण खरे आहे.

कायद्याच्या बाजूनेही सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मला ठाऊक नव्हतं" एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. चार हजारांची वस्तू सातशेत, अंधारात, पावतीशिवाय का मिळाली, हा प्रश्न पोलीस विचारणारच. आणि गुन्हा शाबीत झाला नाही तरी वस्तू मूळ मालकाला परत जाते. आपले पैसे बुडाले ते बुडालेच.

"साहेब, पैशाचं काय?"

हे सगळे ऐकून बांधावर एक आबा मला म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण खत, मजुरी, पोराची फी भागवून हातात उरतंय किती? नवं घ्यायला कोण नको म्हणतंय?"

आबांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला नुसत्या उपदेशाने उत्तर देणे मला पटत नाही. मी इतकेच सुचवतो. पहिले, खर्चाचा क्रम बदला. दिवे, म्युझिक, अलॉय हे मागे राहू द्या. दोन नवे टायर आधी येऊ द्या. चारही एकदम जमत नसतील तर एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी दोन, पण एका आसावर दोन्ही सारखे घ्या. दुसरे, जुनी वस्तू घ्यायचीच झाली तर ओळखीच्या माणसाच्या गाडीवरची, तिचा इतिहास माहीत असलेली, दिवसाउजेडी, विकणाऱ्याचे नाव-पत्ता-सही असलेल्या पावतीवर घ्या. पावती द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून फुकट मिळाले तरी नको. तिसरे, जुना जॅक घेतला तर आधी गाडी उचलून दहा मिनिटे तशीच ठेवून बघा, तेल झिरपून खाली बसतो का. आणि जॅक नवा असो की जुना, ओंडका लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका.

चौथी गोष्ट आपण सर्वांनी मिळून करण्याची आहे. एकट्याने घेतला की टायर महाग, शंभर जणांनी मिळून घेतला की भाव पाडून मागता येतो. खत आणि बेणे आपण असेच मिळवतो, त्यासाठीच तर सहकार उभा राहिला. सभासदांच्या मागणीची यादी करून टायर व बॅटऱ्या कंपनीकडून थेट मागवाव्यात आणि रक्कम ऊसबिलातून हप्त्याने वळती करावी, याचा विचार संचालक मंडळाने करावा असे मला वाटते. तसेच हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस कारखान्याच्या वर्कशॉपमधील इलेक्ट्रिशियनने सभासदांच्या बॅटऱ्या आणि दिवे मोफत तपासून द्यावेत. यात कारखान्याचा खर्च फारसा नाही आणि रस्त्यावरचा एक अपघात टळला तरी तो भरून निघेल. सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत जरूर मांडावा.

तोपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात आहे ते करावे. आज संध्याकाळी गाडी पुसताना टायरच्या कडेचे ते चार आकडे वाचा आणि घरात सांगा आपला टायर किती वर्षांचा आहे. बेण्याच्या बाबतीत आपण आता "कुठल्या प्लॉटचं?" असे विचारायला शिकलो आहोत. गाडीच्या सामानाबाबत "कुठल्या गाडीचं?" हा प्रश्न विचारायला लागलो, तरी पुष्कळ झाले.

— ऊस विकास अधिकारी